अल्पशा आजाराने नव्हे

आमच्या पानावर माणसं तीनच प्रकारांनी मरतात: अल्पशा आजाराने, दीर्घ आजाराने, नाहीतर हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने. अपघातात गेलेल्यांची बातमी होते, त्यांचं पान वेगळं. माझ्याकडे येतात ते अंथरुणावर गेलेले. लातूरच्या आमच्या ऑफिसात मी निधनवार्ता पाहायला लागलो त्याला आता बरीच वर्षं झाली. या काळात गेलेली प्रत्येक बाई धार्मिक आणि मनमिळाऊ होती, प्रत्येक पुरुष परोपकारी होता. उभ्या गल्लीशी भांडण काढून जगलेला गृहस्थसुद्धा आमच्याकडे 'सर्वांना सुपरिचित' होऊनच जातो. खोटं असं त्यात काही नसतं. सुपरिचित तर तो होताच.

हे पान कुणी वाचत नाही असं शहरातल्या शहाण्यांना वाटतं. त्यांनी एकदा आमच्या खेड्यापाड्यांत येऊन पाहावं. आमच्याकडे पेपर हातात पडला की आधी हे पान उघडतात, मग पाऊस, मग भाव आणि मग वेळ उरला तर सरकार. मातीला जायला जमलं नाही तर निदान तेराव्याला तोंड दाखवावं लागतं, आणि त्यासाठी कोण गेलं ते कळावं लागतं. म्हणून या पानावर चूक झाली की फोन येतो तो थेट आणि कडक येतो.

कामाची पद्धत अशी, की मजकूर आम्ही लातुरात घेतो आणि पानं नांदेडला लागतात. नांदेडच्या डेस्कवर माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसतात. भाषा सुधारणं, शुद्ध करणं, जागेत बसवणं हे त्यांचं काम. माणूस सज्जन, पण हात असा सवयीचा की 'वारले' दिसलं की 'निधन झाले' होतं आणि 'मातीला लई लोक होते' हे 'शोकाकुल वातावरणात अंत्यसंस्कार' होऊन जातं. आमचं वर्षानुवर्षं फोनवरच भांडण आणि फोनवरच मैत्र.

छापील पानाशिवाय पेपरचं फेसबुकचं पेजही आहे. तिथं निधनवार्ता फोटोसकट टाकतात आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली. वाचत कुणी नाही. एकदा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फोटोखालीसुद्धा दोघा उत्साही मंडळींनी श्रद्धांजली वाहून टाकली होती. त्यामुळे कॉमेंट या प्रकाराबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं, आणि ते मी कुणी न विचारता सांगत असे.

त्या दुपारी मॅडम ऑफिसात आल्या. त्या आमच्याच गल्लीत राहतात. लातुरात क्लास कमी नाहीत, पण त्यांच्या क्लासला जागा मिळावी म्हणून परभणी-हिंगोलीचे आईबाप येऊन बसतात. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलामुलींना त्या जीवशास्त्र शिकवतात. आवाज असा की शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्यानं दचकून उठावं. त्या दिवशी मात्र आवाज पार बसला होता. निलंग्याला भावाकडे आईची राख सावडून त्या तशाच परत आल्या होत्या.

मी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी आईचा फोटो आणि लिहून आणलेला मजकूर पुढं ठेवला. मजकूर नेहमीसारखाच होता. वय, गाव, मुलगा, मुलगी, नातवंडं. मधली ओळ मात्र मी दोनदा वाचली. 'यांचे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने निधन झाले. पाळी गेल्यानंतर, शेवटची दोन वर्षे त्यांच्या अंगावर रक्त जात होते. त्यांनी ते कुणालाही सांगितले नाही.'

मी चष्मा काढून पुसला. अवघड प्रसंगी मी तेच करतो.

"मॅडम, दीर्घ आजाराने लिहू या?"

"आजाराला नाव नाही का, सर?"

"आहे. पण वर आईंचा फोटो आहे."

"म्हणूनच."

मी म्हटलं, "बरं, मग गर्भाशयमुखाचा कर्करोग असं लिहू. जरा बरं दिसेल."

"दिसेल बरं," त्या म्हणाल्या, "पण जळकोटला कळणार नाही."

जळकोटला त्यांची मावशी राहते. आईची धाकटी बहीण, साठीतली. मग मॅडमनी सगळं सांगितलं. आईनं दोन वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही. आपलं अंथरूण आपण उचलायची, आपली धुणी आपण वेगळी धुवायची, लग्नाकार्याला जायचं टाळायची. मॅडमना वाटलं, वय झालं, सोवळं वाढलं. कळलं तेव्हा डॉक्टरांकडे करण्यासारखं फार उरलं नव्हतं. आणि आता, मातीच्या दुसऱ्या दिवशी, निलंग्याच्या घरात पाहुण्यांची दाटी असताना, मॅडमनी पाहिलं की मावशी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून आपली सतरंजी स्वतःच गुंडाळते आहे. सुनेनं हात लावला तर हात झटकून टाकते आहे. मग तिनं मागच्या दारी एकटीनंच आपलं लुगडं धुतलं.

"मी तिला तिथंच धरलं," मॅडम म्हणाल्या. "विचारलं, मावशी, अंगावर जातं का? तर म्हणाली, लई न्हाई, थोडंच जातं. दुखत बी न्हाई. मी म्हटलं, आईला हेच झालं होतं. तर म्हणाली, तिला पोटात गाठ झाल्ती, तुझ्या भावानंच सांगितलंय सगळ्यांला. तू मास्तरीण हाईस म्हणून मला भेव घालू नको."

भावानं खरंच सगळ्या नात्यात पोटात गाठ असंच सांगितलं होतं. सांगायला तेवढंच सोपं होतं.

"सर, मी रोज फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढते. पोरं ती पाठ करून डॉक्टर होतात. माझ्या आईनं मात्र मला सांगितलं नाही. आता मावशी माझं ऐकत नाही. पण ती तुमचं पान रोज वाचते. चौथी शिकलेली आहे, बोट ठेवून वाचते. तिच्या मते माणूस खोटं बोलतो, पेपर बोलत नाही."

आमच्याबद्दल असं मत असलेलं माणूस जिल्ह्यात उरलं असेल याची मला कल्पना नव्हती. पण ते ऐकल्यावर माझ्यानं नाही म्हणवेना. मी मजकूर एक अक्षरही न बदलता नांदेडला पाठवला.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. आईंचा फोटो छान आला होता. खाली छापलं होतं: 'यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्या धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या म्हणून परिचित होत्या.'

माझं डोकं फिरलं. मी चहा तसाच ठेवून नांदेडला फोन लावला आणि जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. समोरून शांतपणे उत्तर आलं, "अरे, पोरगी दुःखात आहे, तिला सुचून नाही राहिलं. बाईमाणसाच्या फोटोखाली असलं छापतात का? मी तुझी अब्रू वाचवली म्हण." त्यांच्या दृष्टीनं त्यांनी मयताचा मान राखला होता. हाच माणूस माझ्या आईच्या वेळी नांदेडहून रात्रीची गाडी धरून आला होता, त्यामुळे माझा राग फार वेळ टिकेना. राग टिकेना म्हणून आणखी राग आला.

मॅडम पेपर घेऊन आल्या. मी आधीच माफी मागायला लागलो. त्यांनी हातानं थांबवलं.

"सर, नाव चुकलं तर तुम्ही दुरुस्ती छापता ना?"

"छापतो."

"गाव चुकलं तर?"

"छापतो."

"मग माझ्या आईचा आजार चुकलाय. दोन वर्षांच्या दुखण्याला तुम्ही अल्पसं म्हटलंय. दुरुस्ती छापा."

एवढं सरळ मला सुचलं नव्हतं. आमच्या धंद्यात नातेवाइकानं दाखवलेली चूक म्हणजे पुढच्या अंकात चौकट, त्याला नांदेड काय आणि मुंबई काय, कुणी नाही म्हणू शकत नाही. मी नांदेडला फोन लावून मॅडमच्या हातात दिला. त्यांनी क्लासमधल्या आवाजात दोन मिनिटं बोलून फोन परत केला. पलीकडून फक्त "बरोबर आहे त्यांचं" एवढंच ऐकू आलं.

दुरुस्ती छापून आली ती पानाच्या डोक्यावर, जाड काळ्या चौकटीत. कालच्या अंकात अल्पशा आजाराने असे नजरचुकीने प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षात निधन पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने झाले; शेवटची दोन वर्षे त्यांच्या अंगावर रक्त जात होते. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणे हे त्याचे लक्षण असते, दुखत नसले तरी बायकांनी तपासून घ्यावे, अशी त्यांच्या मुलीची विनंती आहे. खाली दिलगिरी.

साधी निधनवार्ता छापली असती तर ती इतर फोटोंच्या गर्दीत गेली असती. पण दुसऱ्याची चूक वाचायला माणसाला फार आवडतं, त्यातून पेपरची चूक म्हणजे पर्वणीच. त्या चौकटीचे फोटो काढून लोकांनी इकडून तिकडं पाठवले. नांदेडच्या सज्जनांनी ती ओळ खोडली नसती तर हे घडलंच नसतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, नाहीतर ते श्रेय मागतील.

फेसबुकवर दुरुस्ती फोटोसकट पडली. पहिले अनेक हात नेहमीप्रमाणे न वाचताच जोडलेले. मग वाचणारे आले. 'पेपरला काही लाज?' 'आईची अब्रू चव्हाट्यावर आणली, धन्य ती मुलगी.' एकानं बायकोबरोबरच्या फोटोआडून लिहिलं, की हा आजार कसल्या बायकांना होतो ते सगळ्यांना माहीत आहे.

ते वाचून माझं रक्त तापलं. मॅडमना म्हटलं, ही कॉमेंट काढून टाकायला सांगतो. त्या म्हणाल्या, "राहू द्या. मी उत्तर देते."

त्यांनी लिहिलं: 'दादा, हा आजार संसारी बायकांना होतो. ज्या विषाणूमुळे होतो तो बहुतेक बायकांच्या अंगात कधी ना कधी येऊन जातो, आणि बऱ्याचदा नवऱ्याकडूनच येतो. शरीर त्याला बहुतेक वेळा हाकलून देतं. काहींच्या बाबतीत तो ठाण मांडतो आणि कॅन्सर व्हायला वर्षं लागतात. म्हणजे पकडायला आपल्याला वर्षं मिळतात. फोटोत वहिनी दिसतात. त्यांना तपासणीला नक्की न्या.' त्या गृहस्थानं संध्याकाळपर्यंत आपली कॉमेंट काढून टाकली. मॅडमना वाईट वाटलं. म्हणाल्या, उत्तरही गेलं ना त्याच्याबरोबर. मग तेच उत्तर त्यांनी वेगळं लिहून ठेवलं.

त्यानंतर मी रोज दुपारी ते पान उघडायला लागलो. मीच, जो कॉमेंटला उकिरडा म्हणायचो. पुरुषांची बडबड सकाळी आणि संध्याकाळी असायची. दुपारी, भांडी घासून झाल्यावर, बायका यायच्या. आपल्या नावानं कमी, लेकराच्या फोटोआडून, देवाच्या, फुलांच्या फोटोआडून. पांढरं जातं, ते बी त्यातच येतं का? तपासायला पैसे लागतात का? सासूला कसं सांगावं? मॅडम क्लासच्या मधल्या सुट्टीत फोन घेऊन बसायच्या आणि एकेकीला उत्तर द्यायच्या. कुणालाही घाबरवायच्या नाहीत, कुणालाही खोटा धीर द्यायच्या नाहीत. जे माहीत नाही तिथं सरळ लिहायच्या, हे मला नक्की सांगता येणार नाही, डॉक्टरांना विचारा. आईचं दुःख ताजं असताना आईच्याच फोटोखाली बसून परक्यांच्या शंका फेडायच्या, हे कुठल्या मातीचं काळीज आहे मला कळेना. मी पेपरात आयुष्य काढलं, एवढं चांगलं काम होताना फार वेळा पाहिलं नाही.

पण जळकोटहून फोन नव्हता. मॅडम गल्लीत भेटल्या की मी भुवया उंचावून विचारायचो आणि त्या मान हलवायच्या. मावशीला थेट फोन केला तर ती शेळीचं, पावसाचं, सुनेच्या माहेरचं बोलायची. पेपरचा विषय निघाला की म्हणायची, आता नजर पोचत न्हाई बाई, वाचाया येत न्हाई. आणि फोन सुनेकडं द्यायची. दिवस जात होते, आणि एकेक दिवस मावशीच्या खात्यातून वजा होतोय हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

फोन आला नाही, पण निलंग्याहून भाऊ आले. उंच, उन्हानं रापलेले, उसाच्या तोडीतून उठून सरळ गाडीत बसलेले. पेपरची घडी टेबलावर आपटली.

"साहेब, हे काय छापलंय तुम्ही? गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हायली न्हाई. मायची शोभा केली."

मी आवाज चढवायला तोंड उघडलं होतं. गल्लीतलं भांडण असो की ऑफिसातलं, मी मागं हटत नाही. पण ते उभ्या उभ्याच पुन्हा त्या चौकटीकडं बघायला लागले आणि त्यांचा आवाज खाली आला.

"दोन वर्षं, साहेब. दोन वर्षं ती माझ्याच घरात व्हती. डाक्टरनं कॅन्सर सांगितला तवा उशीर झाल्ता, पर आधीपासून अंगावर जात व्हतं हे मला पेपरात कळलं."

मग ते खुर्चीत बसले आणि तोंडाला टॉवेल लावून रडले. मी दार लोटून घेतलं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "आधी कळलं असतं तर वाचली असती का?" मी म्हटलं, हे तुमच्या बहिणीला विचारा, तिला माहीत आहे. ते म्हणाले, "तिला इचारायचं भेव वाटतं." जाताना टेबलावरची पेपरची घडी त्यांनी परत उचलून खिशात घातली.

त्याच आठवड्यात एका दुपारी माहूरच्या रेणुकामातेचा फोटो लावलेल्या एका खात्यावरून प्रश्न आला. नाव कुठल्याशा फुलाचं. आमच्याकडे रेणुकेचा फोटो लावलेली खाती काही कमी नाहीत, त्यामुळे मला त्यात विशेष वाटलं नाही.

'पाळी जाऊन लई वर्सं झाली. आता परत जातं. लई नाही थोडंच जातं. दुखत नाही. मग कशाला जायचं दवाखान्यात.'

मॅडमचं उत्तर लगेच आलं. 'ताई, थोडंच जात असलं तरी जायचं. दुखत नाही तोवरच जायचं. दुखायला लागल्यावर डॉक्टरांच्या हातात फार उरत नाही.'

'बाई डाक्टर असती का.'

'असते. आधी विचारून जा. नसेल तर बाई डॉक्टर कधी असते ते विचारा, आणि त्या दिवशी जा.'

'सगळ्यांसमोर बघत्यात का.'

'नाही ताई. पडद्याआड. सोबत घरची बाई थांबू शकते. फार वेळ लागत नाही.'

मी पानावरचं काम सोडून तिकडंच बघत बसलो. शेवटी एक ओळ आली.

'तुमच्या आईनं तुमाला का सांगितलं नाही.'

या प्रश्नाला मात्र मॅडमना वेळ लागला. मग त्यांनी लिहिलं: 'तिला वाटलं मला त्रास होईल. ताई, मला न सांगितल्याचाच त्रास झाला. तुम्ही तुमच्या माणसाला सांगा. सुनेला सांगा, भाचीला सांगा. ती रागावणार नाही.'

त्याच्यावर उत्तर आलं नाही.

संध्याकाळी मॅडम घरी परतताना मी त्यांना गाठलं. "ती रेणुकेच्या फोटोवाली बाई," मी म्हटलं, "जाईल असं वाटतं."

"मावशी आहे, सर ती."

"कशावरून?" मी विचारलं.

"खातं सुनेचं आहे. पण 'लई न्हाई, थोडंच जातं' हे तिनं मला मागच्या दारी जसं सांगितलं तसंच लिहिलंय. पहिल्याच ओळीला ओळखलं."

"मग तुम्ही ताई, ताई काय करत होता? सरळ फोन लावायचा!"

"फोन लावला असता तर तिनं शेळीचं सांगितलं असतं," मॅडम म्हणाल्या. "भाचीला विचारायची तिला लाज वाटते. परक्या बाईला विचारता येतं. म्हणून मी परकी झाले. ओळख दाखवली असती तर तिनं विचारणं बंद केलं असतं."

एवढं बोलून त्या फाटक उघडून आत गेल्या. आईसारख्या मावशीला तिच्या जिवाबद्दल ताई, ताई करत लिहायचं आणि एका शब्दातही ओळख दिसू द्यायची नाही. मी गल्लीत उभा राहिलो आणि मला भरून आलं. ते मी लपवत नाही.

तीन-चार दिवसांनी जळकोटहून एसटीनं मावशी आणि सून लातूरला आल्या. पिशवीत कपड्यांचे दोन जोड, म्हणजे राहायच्या तयारीनं. पुढचं मॅडमनी मला सांगितलं आणि सांगताना त्या रडतही होत्या आणि हसतही होत्या. मावशीनं चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि पदर सावरून म्हणाली, "ती फेसबुकवर एक बाई हाय माय. लई चांगलं सांगती. ती म्हणली तपासून घे, म्हणून आले."

"हो का?" मॅडम म्हणाल्या. "काय म्हणाली आणखी?"

"म्हणली भाचीला सांग. ती रागावणार न्हाई."

"बरोबर सांगितलं तिनं."

"मग? उगं सांगती का ती." आणि मावशीनं भाचीचा हात हातात घेतला तो सोडला नाही. त्या दोघींनी त्या फेसबुकवरल्या बाईचं सोंग शेवटपर्यंत निभावलं. अजूनही निभावतात. मावशी आजही म्हणते, त्या बाईचं भलं होवो.

तपासणीत तेच निघालं ज्याची भीती होती. पण डॉक्टर म्हणाल्या, आजार अजून जागचा हललेला नाही, वेळेवर आलात. मॅडमनी हे वाक्य मला फोनवर दोनदा सांगितलं. 'वेळेवर' हा शब्द आम्ही एसटीच्या तक्रारीखेरीज कधी छापत नाही. त्या दिवशी तो मला फार मोठा वाटला.

उपचार लांबले. मशीनवरचा शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला रोज जायचं, म्हणून मावशी मॅडमकडंच राहिल्या. थकायच्या, चिडायच्या, जेवण जात नाही म्हणून सुनेवर डाफरायच्या. निलंग्याचे भाऊ दर आठवड्याला उसाचा रस नाहीतर घरचं दूध घेऊन यायचे आणि बहिणीशी फार न बोलता मावशीच्या पायाशी बसून राहायचे. एकदा ते बाहेर येऊन मला म्हणाले, "तिला इचारलं." मी विचारलं, काय म्हणाल्या? म्हणाले, "खरं तेच म्हणली." त्या दिवशी त्यांनी बहिणीसाठी वेगळा डबा आणला होता.

आमचं पान त्यानंतर फार बदललं असं मी म्हणणार नाही. माणसं अजूनही बहुतेक अल्पशा आजारानेच जातात. पण अधूनमधून एखादं घर आजाराचं नाव लिहून देतं, आणि नांदेडचे सज्जन आता पेन चालवण्याआधी मला फोन करून विचारतात, "हे असंच जाऊ देऊ ना?" मी म्हणतो, जाऊ द्या. फेसबुकवरच्या हातांच्या रांगेत मध्येच रेणुकेच्या फोटोचं एक खातंही दिसतं. सगळे श्रद्धांजली वाहतात, त्या लिहितात, 'कशानं गेल्या ते बी लिवा.' काही लोकांना राग येतो. काही घरं उत्तर देतात.

उपचार संपून जळकोटला परतायच्या दिवशी मावशी सकाळी आमच्या ओट्यावर आल्या. केस विरळ झालेले, अंगानं निम्म्या, पण नजर तिखट. माझ्या हातातला पेपर त्यांनी ओढून घेतला, आमचं पान काढलं आणि बोट ठेवून एकेक फोटो पाहिला. नजर त्यांची चांगलीच पोचत होती.

"हे तुमीच लिवता ना?"

"हो, मावशी."

"मग माझं बी लिवून ठिवा. कवातरी लागंलच." मी काहीतरी बोलायला गेलो तर त्यांनी बोट वर केलं. "ऐका आधी. कॅन्सरनं गेली असं लिवायचं न्हाई. त्यानं न्हाई न्यायचं मला. म्हातारी होऊन गेली, असं लिवा. खरं तेच लिवा."

"मावशी, तुम्ही एवढ्या म्हाताऱ्या व्हाल तोवर मी या पानावर कुठला असायला?"

त्यांनी पेपरची नीट घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली.

"मग त्या नांदेडच्या माणसाला सांगून ठिवा," त्या म्हणाल्या. "म्हणावं, जसं दिलंय तसं छाप. हात लावू नको."